एक्सेलमधल्या रेषा आणि रंग: छापल्यावर ओळ हरवते, काय करू?

पाटीपेन्सिल (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार. आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाचा हिशेब मी चार वर्षं बघते आहे. पंधरा सभासद. पहिली तीन वर्षं सगळं वहीत होतं, यंदा एप्रिलपासून एक्सेलवर घेतलं. बैठकीच्या आदल्या दिवशी तक्ता छापते, झेरॉक्स काढते आणि प्रत्येकीच्या हातात एक प्रत देते. आपला पैसा कुठे आहे हे प्रत्येकीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तक्त्यात नऊ रकाने आहेत: अनुक्रमांक, नाव, महिन्याची बचत, एकूण बचत, घेतलेलं कर्ज, हप्ता, व्याज, दंड आणि कर्ज शिल्लक. गेल्या बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी नावावर बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकवत नेलं. पाचव्या-सहाव्या रकान्याशी बोट नकळत खालच्या ओळीत उतरलं. त्यांची शिल्लक ५०० रुपये होती, त्यांनी वाचले खालच्या बाईचे ४,५००. तिथे काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी करून कमरेला खोचली. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, मी फेडलेलं पैसं तू मांडलंच नाहीस का गं?" मला रात्रभर झोप लागली नाही.

घरी येऊन कागद पाहिला तर त्यावर एकही रेष नव्हती. स्क्रीनवर मात्र सगळ्या चौकटी व्यवस्थित दिसतात!

मग मी खटपट केली. सगळ्या तक्त्याला जाड रेषा दिल्या, तर खिडकीच्या जाळीसारखं दिसायला लागलं, आकडेच दिसेनात. शीर्षकाच्या ओळीत गडद निळा भरला, झेरॉक्समध्ये काळा पट्टा आला आणि रकान्यांची नावं बुडाली. एकाआड एक ओळी हाताने पिवळ्या केल्या, पण नावाप्रमाणे सॉर्ट केल्यावर दोन पिवळ्या शेजारीशेजारी, तीन पांढऱ्या एकत्र, असं झालं.

एक्सेल २०१६ आहे. प्रिंटर काळा-पांढरा लेझर. पुढची बैठक दहा दिवसांवर आहे. नीट कसं करायचं ते कोणी सांगाल का?

---

कोरा_कागद (रविवार, रात्री ९:४५)

ताई, स्क्रीनवर दिसतात त्या फिकट रेषा म्हणजे ग्रिडलाइन्स. त्या आपल्याला खण कळावेत म्हणून असतात, आपण सांगितल्याशिवाय छापल्या जात नाहीत. आपण स्वतः देतो ती बॉर्डर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माहीत नसल्यामुळे पहिला कागद बहुतेकांचा असाच निघतो.

लगेच हवं असेल तर पेज लेआउट टॅबमध्ये ग्रिडलाइन्सच्या खाली 'प्रिंट' असा चौकोन आहे, त्यावर खूण करा. सगळ्या रेषा छापून येतील. पण त्या सगळ्या सारख्याच येतात, त्यांची जाडी बदलता येत नाही. खणात रंग भरला असेल तर स्क्रीनवर ग्रिडलाइन त्याखाली झाकली जाते. पांढरा रंग भरला तरी झाकली जाते. 'माझ्या रेषा मधेच कुठे गेल्या' असं विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा 'नो फिल'ऐवजी पांढरा रंग भरलेला असतो.

कायमचा उपाय बॉर्डरच. रेषा करड्या रंगाच्या द्या, म्हणजे जाळी वाटणार नाही.

---

जुनी_खतावणी (रविवार, रात्री १०:३०)

ताई, मी तीस वर्षांहून जास्त काळ हिशेबखात्यात काढली. आधी लाल कापडी बांधणीच्या वह्या, मग संगणक. तुमच्या आजींचं बोट घसरलं ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

किर्द आणि खतावणी डोळ्यांसमोर आणा. त्यात सगळ्या रेषा सारख्या नसायच्या. आडव्या रेषा फिकट, नुसता आधार देण्यापुरत्या. उभ्या रेषा ठरावीक जागीच: तपशील संपून रक्कम सुरू होते तिथे. बेरजेच्या वर एक रेष आणि अखेरच्या बेरजेखाली दोन. दोन रेषा दिसल्या की हिशेब इथे मिळाला आणि संपला, हे न वाचता कळायचं. प्रत्येक रेषेला तिचं काम नेमून दिलेलं असे. तुम्ही सगळ्यांना एकसारखी जाड रेष दिलीत, म्हणून कोणती महत्त्वाची हे डोळ्याला कळेनासं झालं.

तुमच्या तक्त्यासाठी मी असं करीन. आधी आहेत त्या सगळ्या रेषा पुसा: तक्ता निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि वजाचं चिन्ह. मग सभासदांच्या पंधरा ओळी निवडा आणि कंट्रोल व १ दाबा. 'फॉरमॅट सेल्स'ची खिडकी उघडेल, त्यात 'बॉर्डर' टॅब. आता क्रम लक्षात ठेवा, सगळे इथेच चुकतात: आधी डावीकडून रेषेचा प्रकार निवडायचा, मग रंग, आणि त्यानंतर उजवीकडच्या नमुना-चौकोनात रेष जिथे हवी तिथे क्लिक. आधी रेष मारून नंतर रंग बदललात तर मारलेल्या रेषेचा रंग बदलत नाही, पुन्हा क्लिक करावं लागतं. नमुन्यात मधली आडवी आणि खालची रेष द्या. मधली उभी देऊ नका.

नाव आणि पहिली रक्कम यांच्यामध्ये एक उभी रेष. शेवटचा 'कर्ज शिल्लक' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, त्याच्या डावीकडेही एक. बाकी सहा रकान्यांमध्ये उभी रेष नको. आकडे उजव्या कडेला लागून एकाखाली एक असले की त्यांचा स्तंभ आपोआप दिसतो.

बेरजेच्या ओळीसाठी होम टॅबवर बॉर्डरच्या बाणाखाली 'टॉप अँड डबल बॉटम बॉर्डर' असं तयारच आहे. वर एक, खाली दोन, वहीत असायच्या तशा.

---

माळरान (सोमवार, सकाळी ७:५०)

खतावणी काका, फार सुंदर समजावलंत. वाचनखूण साठवली.

एक छोटी भर: एका ठिकाणी दिलेली बॉर्डर दुसरीकडे तशीच हवी असेल तर तो भाग निवडून फक्त एफ ४ दाबायचं, आधीची कृती पुन्हा होते. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफएन बटण दाबावं लागतं. आणि पुढच्या महिन्यासाठी आकडे चिकटवताना रेषा बिघडू नयेत म्हणून पेस्ट स्पेशलमध्ये 'व्हॅल्यूज' किंवा 'ऑल एक्सेप्ट बॉर्डर्स' निवडा.

---

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री ८:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तासभर बसले. काकांनी सांगितलेला क्रम पाळला आणि पहिल्यांदाच रेषा माझं ऐकायला लागल्या. आजवर मी उलटं करत होते.

कोरा_कागद यांनी सांगितल्याप्रमाणे रेषा करड्या दिल्या. स्क्रीनवर फार छान दिसलं, छापलंही बरं. पण झेरॉक्समध्ये रेषा तुटक आल्या, काही ठिकाणी पूर्ण गेल्या. नेमक्या आजींच्या ओळीखालची रेष अर्ध्यातच विरली.

---

जुनी_खतावणी (सोमवार, रात्री ९:०५)

ताई, त्याचं कारण आहे. काळ्या लेझर प्रिंटरकडे करडी शाई नसते. करडा रंग तो बारीक काळ्या ठिपक्यांनी दाखवतो. रुंद पट्ट्यात ते चालून जातं, पण केसाएवढ्या रेषेत ठिपके सुटे सुटे पडतात आणि झेरॉक्स यंत्र त्यातले निम्मे उचलतच नाही. रंगीत प्रिंटरवर किंवा स्क्रीनवर वाचायच्या तक्त्याला करडी रेष उत्तम. झेरॉक्स होणार असेल तर बारीक आणि काळीच घ्या. प्रकारांच्या यादीत सलग बारीक रेष आहे ती. 'नन'च्या लगेच खाली ठिपक्याठिपक्यांची आहे ती नको, तीही झेरॉक्समध्ये विरते.

---

कोरा_कागद (सोमवार, रात्री ९:२०)

मान्य. मी स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवून सांगितलं होतं, झेरॉक्स लक्षातच घेतली नाही. क्षमस्व, ताई.

---

शाईचा_ठिपका (सोमवार, रात्री १०:१५)

मी छापखान्यात अक्षरजुळणीचं काम करते. एक गोष्ट कुणाच्याच बोलण्यात आली नाही, आणि मराठी तक्त्यासाठी ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

आपल्या अक्षराला मुळातच डोक्यावर आडवी रेघ असते. 'सरस्वती' लिहिलं की शिरोरेषेची एक रेष आधीच पानावर आली. तिच्याही वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि ऋकार. इंग्रजी तक्ता बघून आपण ओळीची उंची तेवढीच ठेवतो. एक्सेलमध्ये कॅलिब्री फाँट ११ आकाराचा असताना ओळ साधारण १५ पॉइंटची असते. त्यात देवनागरी बसते, पण वेलांटी वरच्या बॉर्डरला जाऊन टेकते आणि 'कृ'चा पाय खालच्या रेषेत रुततो. मग वाचणाऱ्याला शिरोरेषा कुठली आणि तक्त्याची रेष कुठली हे वेगळं करावं लागतं. नीट दिसणाऱ्यालाही त्रास होतो, आजींच्या डोळ्यांना तर किती होत असेल. मला वाटतं बोट घसरण्यामागे हेही एक कारण आहे: नुसत्या शिरोरेषांच्या पंधरा ओळी एकमेकींच्या जवळ, त्यात डोळ्याला धरायला काही नाही.

म्हणून सगळ्या ओळी निवडून उंची २४ करा. उजवं क्लिक, 'रो हाइट'. मग 'फॉरमॅट सेल्स'च्या अलाइनमेंट टॅबमध्ये व्हर्टिकल 'सेंटर'. सुरुवातीला ते 'बॉटम' असतं, म्हणून अक्षर खालच्या रेषेवर बसल्यासारखं दिसतं. पंधरा ओळी प्रत्येकी २४ म्हणजे ३६० पॉइंट, पाच इंच. आडव्या ए-४ पानावर आरामात मावतील.

तिथेच हॉरिझॉन्टलमध्ये 'राइट (इंडेंट)' घेऊन इंडेंट १ द्या, आकडे उजव्या रेषेला चिकटणार नाहीत. आणि नावांचा फाँट निर्मला किंवा मंगल, निदान १२ आकाराचा. इथे कागद वाचवू नका, एवढी विनंती.

---

माळरान (मंगळवार, सकाळी ८:०५)

शाईचा_ठिपका, आता माझ्या वडिलांच्या सोसायटीचा तक्ता काढून बघितला. 'कुलकर्णी'चा उकार बरोब्बर रेषेत घुसला आहे. इतकी वर्षं बघतोय, कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

ओसरी (मंगळवार, दुपारी १:३०)

मी मोबाइलवर गूगल शीट्स वापरते, आमच्या शाळेच्या पालकसंघाचा हिशेब असतो. रेषांपेक्षा मला पट्टे आवडतात, एक ओळ फिकट रंगाची, एक पांढरी. शीट्समध्ये 'ऑल्टरनेटिंग कलर्स' म्हणून सोय आहे, ती पट्टे आपण सांभाळते. एक्सेलमध्येही असेल ना? आणि हो, शीट्समध्ये संगणकावरून छापताना 'शो ग्रिडलाइन्स'वर आधीच खूण असते, त्यामुळे तिथे ताईंची पहिली अडचण आलीच नसती.

---

कोरा_कागद (मंगळवार, दुपारी ३:००)

आहे. तक्ता निवडून कंट्रोल टी दाबा, टेबल तयार होतं आणि पट्टे आपोआप येतात. सॉर्ट करा, नवी ओळ घाला, पट्टे जागेवरच राहतात.

ताईंचे पिवळे पट्टे विसकटले त्याचं कारण असं: हाताने भरलेला रंग त्या खणाचा असतो. सॉर्ट केल्यावर नाव आणि आकड्यांबरोबर रंगही उठून नव्या जागी जातो. बॉर्डर मात्र जात नाही, ती जिथली तिथेच राहते. एक्सेलचा हा फरक माहीत असलेला बरा.

टेबल नको असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे आपण घातलेली अट जुळली की एक्सेल स्वतःच रंग किंवा रेष देतं. न्यू रूल, त्यात फॉर्म्युला वापरण्याचा पर्याय, आणि हे सूत्र:

=मॉड(रो(),२)=०

इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, एक्सेलमध्ये फंक्शनची नावं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा. ओळीच्या क्रमांकाला दोनने भागून बाकी शून्य आली तर रंग भर, एवढाच त्याचा अर्थ. हा रंग खणाचा नसतो, जागेचा असतो, म्हणून सॉर्टने विसकटत नाही.

---

जुनी_खतावणी (मंगळवार, रात्री ८:४०)

पट्ट्यांची कल्पना जुनी आणि चांगली आहे. आमच्याकडे मोठ्या लाइन प्रिंटरवर सलग जोडलेला रुंद कागद यायचा, त्यावर फिकट हिरवे पट्टे आधीच छापलेले असायचे. एकशे बत्तीस अक्षरांची लांब ओळ त्या पट्ट्यांमुळे न चुकता वाचता यायची.

पण ते पट्टे खऱ्या हिरव्या शाईचे होते. ताईंचा पट्टा करडा येणार, म्हणजे पुन्हा ठिपके. आकड्याच्या मागे ठिपके आले की झेरॉक्समध्ये इंग्रजी 3 आणि 8 सारखे दिसायला लागतात. पैशाच्या कागदावर मी आकड्यांखाली रंग देणार नाही, या मताचा मी पक्का आहे. रंग फक्त शीर्षकाच्या ओळीला द्यावा, तोही फिकट: रंगांच्या यादीत पांढऱ्याच्या खाली 'डार्कर १५ टक्के' म्हणून करडा आहे, तो. अक्षरं काळी आणि ठळक.

---

ओसरी (मंगळवार, रात्री ९:१५)

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण नुसत्या पंधरा सारख्या रेषांमध्येही डोळा चुकतोच की. पट्टा नाही तर दुसरं काहीतरी हवं, जे मोजता येईल.

---

शाईचा_ठिपका (मंगळवार, रात्री ९:५०)

ओसरी बरोबर बोलताहेत. छपाईत लांब तक्ता असला की दर पाचव्या ओळीनंतर थोडी जागा सोडतात किंवा जरा ठळक रेष देतात. डोळा पाचाच्या घरात राहतो: 'माझं नाव दुसऱ्या घरात तिसरं'. पंधरा सभासद म्हणजे पाचाची तीन घरं, अगदी बेताची विभागणी.

---

कोरा_कागद (मंगळवार, रात्री १०:१०)

आणि इथे मघाचा फरक कामाला येतो! सॉर्ट केल्यावर बॉर्डर हलत नाही, म्हणून पाचव्या आणि दहाव्या ओळीखाली मध्यम जाडीची रेष हातानेच द्या. नावं वरखाली झाली तरी घरं जागच्या जागी. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे जमणार नाही, तिथे बारीक रेषाच देता येतात, जाड नाहीत.

उलट सभासद वाढत जाणार असतील तर बारीक आडव्या रेषांसाठी कंडिशनल फॉरमॅटिंग चांगलं. नावं बी रकान्यात आणि पहिली ओळ चौथी असेल तर सूत्र:

=$बी४<>""

नाव लिहिलं की त्या ओळीखाली रेष आपोआप येते, ओळ रिकामी असेल तर रेष नाही. 'बी'च्या आधीचं डॉलरचं चिन्ह विसरू नका, नाहीतर पहिल्या रकान्यापुरतीच तपासणी नीट होईल आणि बाकीचे रकाने भलतीकडे बघतील.

---

हातमाग (बुधवार, सकाळी ११:००)

थोडा वेगळा प्रश्न, पण रंगाचाच आहे. आमच्या विणकरांच्या संस्थेत थकबाकी असलेल्या ओळी लाल आणि पूर्ण फेडलेल्या हिरव्या करतो. आता अध्यक्ष म्हणतात लाल ओळींची बेरीज द्या. सव्वाशे ओळी आहेत. कोणतं फंक्शन वापरू?

---

कोरा_कागद (बुधवार, सकाळी ११:४०)

दादा, रंग बघून बेरीज करणारं साधं फंक्शन एक्सेलमध्ये नाही. सम इफ खणातला मजकूर बघतं, रंग त्याला दिसत नाही.

आजची वेळ निभावायला: फिल्टर लावा, 'फिल्टर बाय कलर'मध्ये लाल निवडा आणि रकमेच्या रकान्याखाली सबटोटल फंक्शन वापरा, फंक्शन क्रमांक ९. लपलेल्या ओळी वगळून दिसणाऱ्यांचीच बेरीज मिळेल.

उद्यासाठी 'स्थिती' असा एक रकाना करा, त्यात 'थकीत' किंवा 'पूर्ण' लिहा, आणि रंग त्या शब्दावरून कंडिशनल फॉरमॅटिंगने येऊ द्या. म्हणजे माहिती शब्दात राहील आणि रंग तिच्या मागे मागे येईल. शिवाय काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल आणि हिरवा दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेचे येतात. काही लोकांना तर नुसत्या डोळ्यांनीही त्या दोहोंतला फरक कळत नाही.

---

हातमाग (बुधवार, दुपारी १२:२०)

सबटोटलने बेरीज मिळाली. आभारी आहे. रकाना आजच घालतो. आमची फाइल अजून जुन्या एक्सएलएस प्रकारात सेव्ह होते, दुसऱ्या संगणकावर उघडली की रंग थोडे बदलतात. त्याचं काय?

---

जुनी_खतावणी (बुधवार, दुपारी २:००)

त्या जुन्या प्रकारात एका फाइलमध्ये ५६ रंगांचीच पेटी असायची. २००७च्या आवृत्तीपासून रंग भरपूर मिळाले. जुन्या प्रकारात सेव्ह केलं की नवा रंग पेटीतल्या जवळच्या रंगावर जाऊन बसतो. एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा, ही अडचण राहणार नाही.

---

पाटीपेन्सिल (बुधवार, रात्री ९:००)

हातमाग दादांच्या प्रश्नावरून मला माझंच आठवलं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मीही हप्ता चुकलेल्या बायकांच्या ओळी लाल केल्या होत्या. मला ते सोयीचं होतं. पण तोच कागद पंधराजणींच्या हातात जातो. ज्या बाईचा नवरा त्या महिन्यात कामावरून पडून घरी होता तिची ओळ लाल करून मी सगळ्यांना वाटली. ती काही बोलली नाही, पण त्या बैठकीत तिने मान वर केली नाही. तेव्हापासून रंग बंद केला. आता दंडाच्या रकान्यात रक्कम असते, तेवढी पुरते. माझ्या संगणकावरच्या फाइलमध्ये 'स्थिती' रकाना करीन, छापताना तो लपवीन.

बाकी प्रगती सांगते. ओळींची उंची २४ केली, सेंटर केलं, नावं निर्मला १२. बारीक काळ्या आडव्या रेषा, पाचव्या आणि दहाव्या ओळीखाली मध्यम, नावानंतर एक उभी, शिल्लकेच्या आधी एक. शीर्षकाला १५ टक्के करडा. बेरजेखाली दोन रेषा.

दोन अडचणी राहिल्या. छापायला दिलं की तक्त्यानंतर चार पानं नुसत्या रिकाम्या चौकटींची येतात. आणि वरचं गटाचं नाव मर्ज करून मध्ये घेतलं होतं, तर कधी कधी सॉर्ट करताना एक्सेल नकार देतं.

---

माळरान (बुधवार, रात्री ९:३५)

पहिल्या जाड-रेषांच्या प्रयोगात तुम्ही खूप खालपर्यंत बॉर्डर दिली असणार. खणात आकडा नसला तरी बॉर्डर किंवा रंग असेल तर एक्सेल तो छापतं. कंट्रोल आणि एंड दाबून बघा, कर्सर कुठे जाऊन थांबतो ते. मग बेरजेच्या खालच्या सगळ्या ओळी निवडून उजवं क्लिक करून डिलीट करा आणि फाइल सेव्ह करा. शिवाय तक्ता निवडून पेज लेआउटमध्ये 'प्रिंट एरिया' ठरवून टाका.

गटाच्या नावासाठी मर्ज काढा. ती नऊ खणं निवडून कंट्रोल १, अलाइनमेंट, हॉरिझॉन्टलमध्ये 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन'. दिसतं अगदी तसंच, पण खणं वेगळी राहतात, सॉर्टला अडथळा येत नाही.

---

पाटीपेन्सिल (पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ९:४०)

आज बैठक झाली. सगळ्यांना सांगायलाच हवं म्हणून लिहिते.

कागद वाटले. आजींनी नेहमीसारखं नावावर बोट ठेवलं. मी मुद्दाम शेजारी बसले होते, पण काही बोलले नाही. बोट निघालं. बचत, एकूण बचत, कर्ज. दंडाशी क्षणभर थांबलं, मग उभ्या रेषेपाशी आलं. आजी मोठ्याने म्हणाल्या, "शून्य." या महिन्यात त्यांनी शेवटचे ५०० भरले होते. मग कागद शेजारणीला दाखवून पुन्हा म्हणाल्या, "बघ, शून्य आलं माझं."

गेल्या महिन्याच्या कागदाचीही नवी प्रत काढून त्यांना दिली, त्यांचे ५०० त्यात नीट दिसतात. दोन्ही कागद त्यांनी घडी करून पिशवीत ठेवले.

आता मार्चअखेरीला वर्षाचा तक्ता करायचा आहे, प्रत्येकीचे बारा महिने, म्हणजे पाच-सहा पानं होतील. शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर कशी आणू? दुसऱ्या पानावर गेलं की रकाना कुठला हेच कळणार नाही.

---

जुनी_खतावणी (गुरुवार, रात्री १०:०५)

ताई, शून्य आलं हे वाचून फार बरं वाटलं. आजींना माझा नमस्कार सांगा.

पेज लेआउट टॅबवर 'प्रिंट टायटल्स'. त्यात 'रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप' समोर क्लिक करून शीर्षकाची ओळ निवडा, प्रत्येक पानावर येईल. ही खिडकी छपाईच्या पडद्यावरून उघडू नका, तिथून तो पर्याय फिकट होऊन बंद असतो. आणि व्ह्यू टॅबमधलं 'पेज ब्रेक प्रिव्ह्यू' उघडून पान कुठे तुटतं ते बघा. एका बाईचे बारा महिने दोन पानांत विभागले जात असतील तर ती निळी रेष माउसने वर ओढा, म्हणजे प्रत्येकीचं वर्ष एकाच पानावर पुरं होईल.

---

शाईचा_ठिपका (गुरुवार, रात्री १०:३०)

आणि प्रत्येकीचे बारा महिने संपले की तिथे मध्यम रेष. उंची २४च ठेवा, ताई. पान एखादं जास्त गेलं तरी चालेल.